नियम जवळ आले, म्हणून इतिहास जवळ येतात का?

22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्यानंतर कोकणात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: एवढं पाणी आलं कुठून? सह्याद्रीतल्या पावसाचा वाटा किती, कोळकेवाडी धरणाहून वाशिष्ठी नदीत उतरणाऱ्या पाण्याचा किती, भरतीनं अडवून धरलेल्या पाण्याचा किती, पात्रात साठलेल्या गाळाचा किती, यावर खूप बोललं गेलं, लिहिलं गेलं. ‘मॉडेल’ हा शब्द तेव्हापासून दर पावसाळ्यात कानावर पडतो. मॉडेल म्हणजे शेवटी एक नियम असतो: आत्ता स्थिती अशी असेल, तर पुढच्या वेळी ती अशी होईल. हा नियम तंतोतंत खरा कधीच नसतो, खऱ्याच्या आसपास असतो.

‘आलं कुठून’ हा मात्र उलट्या दिशेचा प्रश्न आहे. नियम पुढे नेतो, आपल्याला मागे जायचं असतं. मग साहजिकच एक शंका येते. आपला नियम खऱ्या नियमाच्या अगदी जवळ असेल, तर त्यातून निघणारे सगळे संभाव्य इतिहासही खऱ्या इतिहासांच्या जवळ असतात का? बहुतेक लोक विचार न करता ‘हो’ म्हणतील. टोपॉलॉजी, म्हणजे आकारांच्या सलगपणाचा आणि जवळिकीचा अभ्यास करणारी गणिताची शाखा, म्हणते: नेहमी नाही. कुठे गडबड होते आणि कुठे होत नाही, हेही ती बरंच नेमकं सांगते. ते समजायला आलेख आणि घातांक एवढी शाळेतली शिदोरी पुरते.

## आज, काल, परवा

स्थिती एका संख्येनं सांगता येते असं धरू, आणि ती संख्या 0 ते 1 मध्ये असू द्या. नियम म्हणजे फलन: कालची संख्या दिली की आजची मिळते. उदाहरणार्थ, ‘कालच्या संख्येचा वर्ग म्हणजे आजची संख्या’. आज 0.5 असेल, तर काल 0.7071, परवा 0.8409, त्याआधी 0.917, असं मागे मागे जाता येतं. या न संपणाऱ्या यादीला, म्हणजे (आज, काल, परवा, तेरवा…) या क्रमाला, आपण माग म्हणू. अट एकच: यादीतल्या कुठल्याही लगतच्या दोन दिवसांत नियम पाळलेला हवा.

एका नियमाचे जितके म्हणून माग निघतात, त्या सगळ्यांचा मिळून जो संच होतो त्याला इन्व्हर्स लिमिट म्हणतात. वर्गाच्या नियमात प्रत्येक ‘आज’ला एकच माग आहे, म्हणून तो संच म्हणजे एक साधा रेषाखंडच. पण नियम थोडा बदला. कालची संख्या 0 पासून 0.5 पर्यंत जाताना आजची 0 पासून 1 पर्यंत चढते, आणि काल 0.5 पासून 1 कडे जाताना आज पुन्हा 1 वरून 0 वर उतरते, असा तंबूसारखा आलेख घ्या. आता आज 0.5 असेल तर काल 0.25 किंवा 0.75, परवासाठी चार शक्यता, तेरवासाठी आठ. या सगळ्या मागांची मिळून जी आकृती तयार होते तिच्याशी पोलिश गणितज्ञ ब्रोनिस्लाव क्नास्टर यांचं नाव जोडलेलं आहे. ती सलग आहे, पण तिच्याहून लहान अशा दोन सलग बंदिस्त भागांनी ती झाकता येत नाही, ते भाग एकमेकांवर चढलेले चालतील असं म्हटलं तरीही! नियम दोन सरळ रेषांचा, आणि त्याच्या इतिहासांचा आकार असा. या विषयाची ओढ लागते ती इथे.

## एका जागी दोन उत्तरं

दाभोळच्या खाडीत एक नारळ तरंगत सोडला आणि कुणी विचारलं, ‘तासाभरानं तो कुठे असेल?’ तर फक्त जागा सांगून उत्तर देता येणार नाही. ओहोटी असेल तर तो समुद्राकडे जाईल, भरती असेल तर वर चिपळूणच्या दिशेनं सरकेल. वेळ माहीत नसेल तर त्या एका जागेला दोन, किंबहुना अनेक उत्तरं आहेत. म्हणून मग आपण सगळ्या शक्य उत्तरांचा संचच उत्तर म्हणून लिहितो. एका संख्येला एक संख्या न देता संख्यांचा संच देणाऱ्या अशा नियमाला संचमूल्य फलन म्हणतात. माग काढण्याची रीत तीच राहते, फक्त ‘आज म्हणजे नियमानं कालवरून दिलेली संख्या’ ऐवजी ‘आज ही नियमानं कालला दिलेल्या संचातली एखादी संख्या’ असं म्हणायचं.

अशा नियमांची इन्व्हर्स लिमिट पद्धतशीर अभ्यासायला सुरुवात झाली ती अलीकडेच. विल्यम महाविअर या अमेरिकन गणितज्ञाचा 2004 चा शोधनिबंध हा तिचा आरंभ मानला जातो. 2006 मध्ये टॉम इन्ग्रम यांच्याबरोबर त्यांनी तो विषय आणखी व्यापक पायावर मांडला. त्यात नियमावर एक अट असते: आलेख बंद हवा. म्हणजे आलेखावरचे बिंदू एखाद्या जागेकडे सरकत चालले असतील, तर ती जागाही आलेखातच हवी, तिथे भोक नको.

## ‘जवळ’ कशाला म्हणायचं?

दोन आलेख जवळ आहेत असं केव्हा म्हणायचं? पहिल्याच्या प्रत्येक बिंदूपासून थोड्याच अंतरावर दुसऱ्याचा एखादा बिंदू असेल, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक बिंदूपासून पहिल्याचा, तेव्हा. दोन्ही बाजूंनी तपासायचं, हे महत्त्वाचं. या मापाला फेलिक्स हाउसडॉर्फ यांचं नाव आहे. मागांचे संचही याच मापानं तोलतात. दोन मागांमधलं अंतर काढताना आजच्या फरकाला पूर्ण वजन, कालच्याला निम्मं, परवाच्याला पाव, असं उतरतं वजन देतात. त्यामुळे फार मागचे दिवस निकालावर फारसा परिणाम करत नाहीत. ही सोय पुढे कामाला येईल.

नियमांची एक रांग आहे. त्यांचे आलेख एका सीमा-आलेखाच्या जवळ जवळ जात आहेत. त्यांचे इन्व्हर्स लिमिटही सीमा-आलेखाच्या इन्व्हर्स लिमिटच्या जवळ जातात का? विषय म्हणून इतकाच प्रश्न आहे.

## मोबाइलवर करून पाहण्यासारखं उदाहरण

नियम घ्या: आज = कालचा 100 वा घात. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर 0.9 चा 100 वा घात काढून पाहा, जवळजवळ शून्य येतो. 0.99 चा सुमारे 0.366 येतो, आणि 1 चा अर्थातच 1. म्हणजे आलेख बराच वेळ जमिनीला चिकटून जातो आणि अगदी शेवटी भिंतीसारखा उभा चढतो. 100 च्या जागी 1000 किंवा 10,000 घातलं की भिंत अधिकाधिक सरळ होत जाते. सीमेला जी आकृती मिळते ती अशी: तळाची आडवी रेघ, आणि उजव्या टोकाला खालपासून वरपर्यंत उभी रेघ. हा सीमा-नियम संचमूल्य आहे. काल 1 पेक्षा कमी असेल तर आज 0; काल बरोबर 1 असेल तर आज 0 ते 1 मधलं काहीही.

या सीमा-नियमाचे माग शोधू. आज 0 पेक्षा मोठं काही असेल तर काल 1 असायलाच हवा, मग परवाही 1, तेरवाही 1. म्हणून मागांचं रूप एकच: सुरुवातीला काही शून्यं, मग कुठलीही एक संख्या, मग न संपणारे 1. शिवाय सगळी शून्यं असलेला एक माग. (1, 1, 1…) पासून निघा, पहिला 1 हळूहळू 0 पर्यंत आणा, मग दुसरा, मग तिसरा. असं करत गेलात की तुम्ही (0, 0, 0…) कडे सलग पोचता. सगळे माग मिळून एक अखंड वाट तयार झाली, रेषाखंडासारखी.

100 व्या घाताच्या नियमाचे माग याच्या जवळ आहेत का? आज 0.5 घ्या: काल 0.9931, परवा 0.99993. हा माग (0.5, 1, 1…) च्या अगदी शेजारी आहे. काल 0.5 घ्या: आजची संख्या म्हणजे 0.5 चा 100 वा घात, दशांश चिन्हानंतर तीस शून्यं. हा (0, 0.5, 1…) च्या शेजारी. सीमेचा कुठलाही माग घ्या, त्याच्या जवळ घाताच्या नियमाचा माग सापडतो, आणि घात वाढवला की अंतर कमी होत जातं. इथपर्यंत सगळं मनासारखं.

## एक टक्क्यानं काय बिघडलं

आता तोच नियम किंचित कमी करू: आज = 0.99 × कालचा 100 वा घात. आलेख कुठेही 0.01 पेक्षा जास्त हललेला नाही. कागदावर दोन्ही काढले तर पेन्सिलीच्या जाडीत फरक झाकला जाईल.

याचे माग शोधा. काल कितीही असला तरी 1 पेक्षा जास्त नाही, म्हणून आज 0.99 पेक्षा जास्त असू शकत नाही. पण कालचा दिवसही परवावरूनच आलेला आहे, म्हणून काल पण 0.99 च्या आत. मग आज 0.99 × (0.99 चा 100 वा घात), म्हणजे सुमारे 0.362 च्या आत. हाच तर्क कालला लावला तर काल 0.362 च्या आत, आणि मग आजची संख्या इतकी लहान की दशांश चिन्हानंतर चाळीसहून अधिक शून्यं. असंच पुढे. कुठल्याच दिवशी 0 पेक्षा मोठी संख्या टिकत नाही. या नियमाला एकच माग आहे: (0, 0, 0…).

इथे कॅलक्युलेटरची अचूकता वाढवून काही हाती लागत नाही. 0.999 × कालचा 1000 वा घात घ्या, पुढे 0.9999 × कालचा 10,000 वा घात घ्या. आलेख त्याच आडव्या-उभ्या आकृतीकडे जातात, अधिकाधिक जवळ जातात, आणि प्रत्येक पायरीवर इतिहासांचा संच एकच बिंदू राहतो. सीमेच्या नियमाला मात्र अख्खी वाट भरून माग आहेत.

दोन रांगा एकाच सीमा-आलेखाकडे गेल्या. एकीचे इतिहास सोबत पोचले, दुसरीचे पोचले नाहीत. म्हणून सीमेचा आलेख कितीही निरखून पाहिला तरी नुसत्या त्याच्यावरून उत्तर देता येत नाही. नियम त्याच्याकडे कसे येत आहेत, हे पाहावं लागतं.

## चूक नेहमी एकाच बाजूला होते

या गोंधळात एक गोष्ट मात्र ठाम आहे. नियमांच्या रांगेतून एकेक माग निवडला आणि ते माग एखाद्या यादीच्या जवळ जवळ जात असतील, तर ती यादी सीमा-नियमाचा माग असतेच. कारण सोपं आहे. प्रत्येक मागातली (काल, आज) ही जोडी आपापल्या आलेखावर बसलेली असते. आलेख सीमा-आलेखाकडे चालले आहेत आणि तो बंद आहे, म्हणून जोडीची सीमाही त्याच्यावरच पडते. (परवा, काल), (तेरवा, परवा) या जोड्यांचंही तसंच.

म्हणजे सीमेत नसलेला इतिहास जवळच्या नियमांतून उगवत नाही. उलटं होऊ शकतं: सीमेच्या नियमात जे इतिहास शक्य दिसतात, त्यातले काही जवळच्या एकाही नियमात नसतील. मला हा या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो, कारण त्यामुळे तपासणी निम्मी होते. एकच बाजू पाहायची: सीमेच्या प्रत्येक मागाजवळ रांगेतल्या नियमांचे माग येतात की नाही.

## ‘पण तुम्ही नियमच तोकडा घेतलात’

ही हरकत रास्त आहे. 0.99 नं गुणल्यामुळे आलेख 1 पर्यंत पोचतच नव्हता, आणि वरच्या टोकाच्या संख्यांना ‘काल’ उरला नव्हता. तेव्हा अट घालू: प्रत्येक नियम आच्छादक हवा, म्हणजे 0 ते 1 मधल्या प्रत्येक संख्येला निदान एक तरी ‘काल’ हवा. मग जमेल?

सीमेला फाटे नसतील, म्हणजे तिथे प्रत्येक ‘काल’ला एकच ‘आज’ असेल (नियम एकमूल्य असेल), तर जमतं. स्लोव्हेनियातल्या मारिबोरचे इझ्तोक बानिच आणि त्यांचे सहकारी मातेव्झ चरेपन्याक, मातेय मेरहार व उरोश मिलुतिनोविच यांनी 2010 मध्ये हे सिद्ध केलं: नियम आच्छादक असतील आणि त्यांचे आलेख एका सलग, एकमूल्य फलनाच्या आलेखाकडे जात असतील, तर इन्व्हर्स लिमिटही त्या फलनाच्या इन्व्हर्स लिमिटकडे जातात. कल्पना अशी की सीमेचा माग घ्यायचा आणि पुरेशा मागच्या एका दिवसावर बोट ठेवायचं. त्या दिवसाची संख्या तीच धरून रांगेतल्या नियमानं आजपर्यंत पुढे यायचं. सीमा सलग आणि एकमूल्य असल्यामुळे मोजक्या दिवसांत फारसं भरकटायला होत नाही. त्या दिवसाच्या मागे जायला आच्छादकपणा आहेच. तिथे फरक पडला तरी वजन इतकं कमी की चालून जातं.

सीमेला फाटा असेल तर मात्र आच्छादकपणा पुरत नाही. असा आलेख काढा: काल 0 ते 0.25 असेपर्यंत आज बरोबर 0.5, म्हणजे सपाट कातळ. तिथून आलेख सरळ उतरत काल 0.5 ला 0 वर येतो. मग तिथून भिंतीसारखा चढून लगेच 1 वर जातो आणि शेवटपर्यंत 1 वरच राहतो. भिंतीची जाडी दर पायरीला कमी करत न्या. प्रत्येक नियम सलग आहे, एकमूल्य आहे, आच्छादकही आहे. सीमेत भिंत 0.5 वर पूर्ण उभी होते.

सीमेत परवा 0.125, काल 0.5, आज 1 असा माग आहे, कारण काल 0.5 असताना भिंतीवरची कुठलीही उंची घेता येते. रांगेतल्या नियमांत पाहा. परवा 0.125 च्या आसपास काहीही घ्या, कातळ सपाट असल्यानं काल बरोबर 0.5, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि बरोबर 0.5 ही भिंतीची पायथ्याची जागा, तिथे आज 0. भिंतीवर चढायला 0.5 च्या जरा पलीकडे असायला हवं होतं, आणि कातळ तेवढी जरासुद्धा मोकळीक देत नाही. परवा 0.125 च्या आसपास असलेला ‘आज 1’ वाला माग या रांगेत कुठल्याही पायरीला कधीच येत नाही.

## ‘याचा पुराशी काही संबंध आहे का?’

वाशिष्ठीची पातळी या प्रमेयातून काढता येणार नाही. पुराचं भाकीत ही पावसाची नोंद, पात्राची मोजणी आणि द्रवगतिकी यांची कामगिरी आहे, आणि तिथे इन्व्हर्स लिमिट मोजायला कुणी बसत नाही. ज्या क्षेत्रात याचा थेट उपयोग झाला ते अर्थशास्त्र. काही आर्थिक मॉडेलांत उद्यावरून आज ठरतो, कारण लोक उद्याच्या अपेक्षेवर आज निर्णय घेतात, आणि आजवरून उद्या एकच निघेल याची खात्री नसते. जूडी केनेडी, डेव्हिड स्टॉकमन आणि जेम्स यॉर्क यांनी 2007 मध्ये अशा मॉडेलांसाठी इन्व्हर्स लिमिट वापरलं. त्यात मागांचा संच म्हणजे अर्थव्यवस्थेच्या शक्य वाटचालींचा संच होतो.

## फाटे असूनही जमतं तेव्हा

वरच्या कातळ-भिंतीमुळे असं वाटेल की सीमेला फाटे आले की आशा सोडावी. तसं नाही. करवतीसारखा आलेख घ्या: 100 दात, प्रत्येक दात 0 पासून 1 पर्यंत चढतो आणि परत उतरतो. मग हजार दात, मग लाख. दात इतके दाट होतात की सीमेला अख्खा चौरस भरतो. तो नियम म्हणतो: काल काहीही असो, आज काहीही. याहून जास्त फाटे असलेला नियम असूच शकत नाही. त्याचे माग म्हणजे 0 ते 1 मधल्या संख्यांच्या हव्या त्या याद्या, आणि त्यांचा संच म्हणजे अनंत मितींचा घन, ज्याला हिल्बर्ट घन म्हणतात.

इथे माग पूर्णपणे सोबत पोचतात. कुठलीही यादी द्या. आजची संख्या तशीच ठेवा. कालसाठी सांगितलेल्या संख्येच्या शेजारी एखादा दात असणारच, आणि प्रत्येक दातावर प्रत्येक उंची मिळते, म्हणून हवा तो ‘आज’ देणारा ‘काल’ तिथेच सापडतो. परवासाठी पुन्हा तेच, तेरवासाठी पुन्हा तेच. कातळानं जी मोकळीक नाकारली होती, ती इथे प्रत्येक दात देतो.

दातांची संख्या कितीही असो, त्या नियमाच्या मागांची आकृती एकाच मितीची असते. सीमेला मिती अनंत होते, म्हणजे मिती या प्रवासात टिकत नाही. सलगपणा मात्र टिकतो: बंदिस्त, सलग आकृत्या हाउसडॉर्फच्या मापानं एखाद्या संचाकडे जात असतील तर तो संचही सलग असतो. संचमूल्य नियमांच्या इन्व्हर्स लिमिटचे कधीकधी तुकडे तुकडे असतात, आणि एखादं सलग आहे की नाही हे थेट ठरवणं जिकिरीचं होतं. पण त्या नियमाकडे जाणारी सलग, एकमूल्य फलनांची रांग सापडली आणि मागही सोबत पोचतात हे दाखवता आलं, तर इन्व्हर्स लिमिट सलग आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.